रुजू न झालेला पेन-ड्राइव्ह

सरकारी नोकरीत कधी कधी असे होते, की अधिकारी बदलीच्या गावी येऊन पोहोचतो, कार्यालयाच्या दाराशी उभा राहतो, शिपाई त्याला ओळखून खुर्चीही देतो. परंतु आधीच्या अधिकाऱ्याने पदभार सोडल्याचा कागद आलेला नसतो, म्हणून त्याला रुजू करून घेता येत नाही. माझ्या नोकरीत हा प्रसंग माझ्यावर दोनदा आला. माणूस समोर आहे, त्याचे नाव, हुद्दा, आदेश सगळे ठीक आहे, आणि तरीही कार्यालयाच्या लेखी तो अजून आलेला नाही. गेल्या पावसाळ्यात बंगळुरूतील माझ्या घरी एक पेन-ड्राइव्ह आला, त्याची स्थिती नेमकी अशीच होती.

पेन-ड्राइव्ह नानामामांचा. नानामामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ; वय ब्याऐंशी, खानापूर तालुक्यातील प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मलप्रभेकाठी त्यांचे घर. त्या घरी फडक्यात बांधलेले एक दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले होते. त्यात १९४१ सालची घरगुती वाटणीची याद, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या शेतसाऱ्याच्या पावत्या आणि काही जुने उतारे होते. थोडे कागद मोडीत, बाकीचे बाळबोधीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला (त्यातला चंदगड तालुका मात्र इकडे राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला). त्यामुळे खानापूरकडच्या कित्येक घरांत एकाच शेताची आधीची हकीकत मराठीत आहे आणि नंतरची कन्नडमध्ये.

कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाचे मी प्रशासक म्हणून नेहमीच कौतुक करत आलो आहे. सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी अभिलेख २००१-०२ च्या सुमारास संगणकावर आले. नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच आत शिरता येऊ लागले, आणि कोणी काय केले हे यंत्र लिहून ठेवू लागले. पण संगणकावर आला तो चालू उतारा. तो उतारा ज्या कागदांवर उभा आहे ते कागद घरोघरच्या ट्रंकांमध्येच राहिले. वाद निघाला म्हणजे ट्रंकेकडेच जावे लागते.

२०१९ च्या उन्हाळ्यात नानामामांनी शहाणपणाने ते दप्तर एका दुकानात नेऊन स्कॅन करून घेतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. घरात कमरेएवढे पाणी होते. दप्तराचा लगदा झाला. पेन-ड्राइव्ह तेवढा वरच्या फळीवर चुन्याच्या डबीत राहिला म्हणून वाचला, आणि पुढे कित्येक वर्षे त्या डबीतच पडून होता. आता चुलत घराण्याशी बांधाचा वाद न्यायालयात गेला आहे. धारवाडच्या वकिलांनी सांगितले होते, की सोमवारी तारीख आहे, शनिवारी सकाळपर्यंत वाटणीची याद माझ्याकडे पोहोचली पाहिजे. नानामामा शुक्रवारी सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने लेकीकडे बंगळुरूला उतरले ते हा पेन-ड्राइव्ह खिशात घेऊनच. "तुमच्या गावात काय, घरटी दोन कॉम्प्युटर," असे ते मला फोनवर म्हणाले होते.

माझ्या मामेबहिणीच्या घरी कॉम्प्युटर तीन आहेत. त्यांतला एकही पेन-ड्राइव्ह उघडीना. ती आणि तिचे यजमान दोघेही मोठ्या कंपन्यांत नोकरीला, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी साठवणीला मज्जाव असतो. माहिती चोरीला जाऊ नये म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. फक्त त्यामुळे या शहरातील फार मोठ्या वर्गाच्या घरी संगणक असून पेन-ड्राइव्ह उघडण्याची सोय नसते. तिसरा लॅपटॉप नातवाचा, तो दुरुस्तीला गेलेला. मग नातवाने पेन-ड्राइव्ह एका छोट्या जोडणीने आपल्या फोनला लावला. फोनने सांगितले, की हा ड्राइव्ह चालण्याजोगा नाही, फॉरमॅट करू का? नातवाचे बोट पडद्यापर्यंत गेलेही होते. नानामामांनी विचारले, फॉरमॅट म्हणजे काय? उत्तर ऐकल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या हाताने ड्राइव्ह उपटून घेतला आणि रिक्षा करून संध्याकाळी सातला माझ्याकडे आले. फोनला त्या ड्राइव्हची मांडणी वाचता येत नव्हती, एवढेच सत्य होते. मला हा कागद वाचता येत नाही, तेव्हा तो कोरा करून देतो, हा युक्तिवाद एखाद्या कारकुनाने केला असता तर त्याची खातेनिहाय चौकशी झाली असती.

माझ्याकडे लिनक्सवर चालणारा जुना संगणक आहे. लिनक्सशी माझी ओळख १९९६ साली 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीने झाली. ती चळवळ ज्यांनी इथे रुजवली त्या अतुल चिटणीसांनी २००१ पासून याच शहरात 'लिनक्स बंगलोर' ही परिषद भरवली. २०१३ मध्ये ते गेले. त्या काळी माझे सहकारी मला विचारत, की अधिकाऱ्याला याची गरज काय? मी उत्तर देत असे, की ज्या यंत्रावर सरकारचे दप्तर राहणार, ते यंत्र काय करते हे सरकारला वाचता आले पाहिजे. उत्तर जरा भाषणी थाटाचे होते हे मान्य करतो. त्या शुक्रवारी ते मला प्रथमच घरगुती अर्थाने उपयोगी पडले.

ड्राइव्ह लावला, त्याचा दिवा लागला. पडद्यावर त्याचे चित्र आले, नावही आले. चित्रावर टिचकी मारली आणि नकार आला. 'माउंट' करता येत नाही. कारण काय, तर मांडणीचा प्रकार चुकीचा असावा, किंवा दिलेला पर्याय चुकीचा असावा, किंवा मूळ नोंदीचा ठोकळा बिघडलेला असावा, किंवा साहाय्यक प्रोग्रॅम नसावा, किंवा अन्य काही चूक असावी. लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी पाहिलेले असते. सरकारी कार्यालयातून नागरिकाला जे छापील पत्र जाते, त्याची ही सख्खी बहीण. 'आपला अर्ज खालीलपैकी एका किंवा अनेक कारणांस्तव नामंजूर करण्यात येत आहे', आणि खाली पाच कारणे, एकावरही खूण नाही.

"काय म्हणतंय रे ते?" नानामामांनी विचारले.

"नाही म्हणतंय, मामा. का ते सांगत नाही."

वाचकांपैकी ज्यांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले आहेत त्यांना ठाऊक असेल, की नकाराचे खरे कारण पत्रात नसते. ते फाइलीतल्या टिप्पणीत असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतरचा पहिला मोठा झगडा याच टिप्पण्यांवरून झाला. केंद्रीय माहिती आयोगाने २००६ च्या जानेवारीत टिप्पणी ही माहितीच आहे असे ठरवले. त्याच वर्षी केंद्रीय मंत्रिमंडळाने टिप्पण्या वगळण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली, आणि ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले. दुरुस्ती मागे पडली. मी तेव्हा नोकरीत होतो आणि आमच्यातील पुष्कळ जण त्या दुरुस्तीच्या बाजूने होते. नागरिक आपले शेरे वाचणार असेल तर कोणी मोकळेपणाने लिहिणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला तेव्हाही ते पटले नव्हते.

लिनक्सच्या गाभ्यातही अशी टिप्पणीची वही असते. तिचे नाव 'डीमेसेज'. यंत्र सुरू झाल्यापासून कोणते उपकरण केव्हा आले, कोणत्या चालकाने ते हाताळले, कुठे काय अडले, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. पूर्वी ही वही कोणालाही वाचता येई. अलीकडे उबंटूसारख्या कित्येक वितरणांत ती वाचण्यासाठी 'सुडो' म्हणून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, मागावी लागते. कारण सुरक्षेचे दिले जाते आणि ते खोटे नाही. तरी माझ्या मनात आळंदी येऊन गेली.

वहीतल्या शेवटच्या ओळी मी वाचल्या. नवे यूएसबी उपकरण आले. साठवणीचे साधन म्हणून ओळखले. आकार सोळा जीबी. 'एसडीबी' हे नाव दिले, त्यात एक वाटणी आढळली, 'एसडीबी-वन'. (डिस्कच्या भागाला पार्टिशन म्हणतात आणि त्यात आम्ही शोधत होतो वाटणीची याद, हे नानामामांना सांगितल्यावर ते त्या संध्याकाळी प्रथमच हसले.) आणि मग शेवटची ओळ होती: हा भाग 'डर्टी' आहे, आणि 'फोर्स' हा शब्द दिलेला नाही.

म्हणजे यंत्राचा भाग जिवंत होता. दिवा लागत होता, आकार बरोबर येत होता, वाटणीचा तक्ता शाबूत होता. 'एलएसबीएलके' या आज्ञेनेही तेच दाखवले, आणि मांडणीचा प्रकार एनटीएफएस, हेही कळले. अडले होते ते एका खुणेवर. विंडोज एखाद्या एनटीएफएस भागावर लिहायला घेते तेव्हा तिथे खूण करून ठेवते, की काम चालू आहे. सगळ्या नोंदी पुऱ्या झाल्या, ड्राइव्ह रीतसर सोडला, की ती खूण काढते. २०१९ मध्ये दुकानातल्या मुलाने काम झाल्यावर ड्राइव्ह सरळ ओढून काढला असणार. खूण तशीच राहिली. पदभार सोडल्याचा कागद निघाला नाही, आणि इतक्या वर्षांनी दुसऱ्या यंत्राने विचारले, की मागच्याने दप्तर पुरे करून दिले होते याचा पुरावा काय?

लिनक्सची ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. एनटीएफएसची रचना मायक्रोसॉफ्टची. तिचे पूर्ण तपशील कंपनीने प्रसिद्ध केले नाहीत. बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षे निरीक्षणातून ती उलगडली, आणि २०२१ मध्ये पॅरागॉन या कंपनीने लिहिलेला नवा चालक लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीत सामील झाला. दुसऱ्याच्या घरात अपुऱ्या सोडलेल्या नोंदींवर आपण लिहू नये, असे त्या चालकाने ठरवले असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

आता इलाज. सोपे इलाज दोन होते आणि दोन्ही त्या घटकेला चुकीचे होते. एक, 'फोर्स' म्हणणे. दुसरा, 'एनटीएफएसफिक्स' नावाचा प्रोग्रॅम चालवणे. नावावरून तो दुरुस्ती करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो काही जुजबी विसंगती सुधारतो, अपुऱ्या कामाची रोजवही कोरी करतो, आणि विशिष्ट पर्याय दिला तर ती 'डर्टी' खूणही पुसतो. खरी तपासणी तो विंडोजवरच सोडतो. दोष जागेवर, दोष असल्याची खूण तेवढी नाहीशी. मार्चअखेरीस प्रलंबित प्रकरणांचा आकडा खाली आणण्यासाठी असे 'फिक्स' करणारी कार्यालये मी पाहिली आहेत. एका वर्षी माझ्या हाताखालच्या कार्यालयातून अशी काही प्रकरणे 'निकाली' निघाली आणि मी त्या तक्त्यावर सही केली, हेही इथे लिहून टाकतो.

शिवाय इथे कायद्याचा प्रश्न होता. मूळ कागद नष्ट झाल्यावर दुय्यम पुरावा देता येतो. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. त्या अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचे, त्याच्या नमुन्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेली लांबलचक खूण. एक अक्षर बदलले तरी ती पार वेगळी येते. तेव्हा मी आधी ड्राइव्हवर काही लिहिले असते, खूण पुसण्यापुरतेही, तर ड्राइव्ह जसा डबीतून निघाला तसा राहिला नसता. प्रतिपक्षाच्या वकिलाने तेवढेच पकडले असते. दुरुस्तीच्या आधी नक्कल, आणि नकलेच्या आधी हात न लावणे, हा क्रम रेकॉर्ड-रूमच्या जुन्या कारकुनांना कोणी शिकवावा लागत नसे.

म्हणून 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम घेतला. तो मूळ ड्राइव्ह फक्त वाचतो आणि त्याची तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. जी जागा वाचता येत नाही ती सोडून पुढे जातो, तिची यादी ठेवतो आणि शेवटी परत येऊन पुन्हा प्रयत्न करतो. पेन-ड्राइव्हमधील माहिती विद्युतभाराच्या रूपाने असते, आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवला तर तो भार हळूहळू झिरपत जातो. चुन्याच्या डबीतील मुक्काम त्याला मानवला नव्हता. सोळा जीबीला जिथे पाव तास लागावा तिथे दीड तास लागला. आकडे हळूहळू पुढे जात होते. नानामामा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. "माझ्या बाबांनी लिहिलंय ते, यादीतलं अक्षर त्यांचं," असे ते मध्येच म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. वडिलांचे अक्षर त्यांच्याकडे दुसरीकडे कुठेच उरलेले नाही, हे मला तेव्हा कळले. तोवर मी ते प्रकरण बांधाचे समजत होतो.

प्रतिमा तयार झाली. तिचा हॅश काढून वहीत शाईने लिहिला. नंतर तीच प्रतिमा 'फक्त वाचण्यापुरती' या अटीवर माउंट केली. लिहिणार नाही असे म्हटल्यावर तो नवा चालक विनातक्रार तयार होतो. 'डर्टी' खूण आड येते ती लिहिण्याच्या परवानगीला. ही एवढी अट आधीच्या त्या छापील नकारात लिहिली असती तर केवढे काम झाले असते. असो. फोल्डर उघडले. दोनशे बारा फाइली होत्या, नावे देवनागरीत, शुद्ध.

त्यांतल्या दोनशे नऊ पूर्ण उघडल्या. दोन पावत्या उघडल्याच नाहीत. वाटणीची याद सहा पानांची. पाच पाने स्वच्छ, चौथे अर्धे. वरच्या भागात शेताची चतुःसीमा होती, पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवस्थानाची जमीन, उत्तरेचा बांध आणि त्यावरचे फणसाचे झाड. त्याखाली करडा पट्टा. तिथे साक्षीदारांची नावे असायला हवी होती. डीडीरेस्क्यूला मी पुन्हा तीन फेऱ्या करायला लावल्या. दुसऱ्या फेरीत बोटभर पट्टी आणखी उजळली आणि पहिल्या साक्षीदाराचे नाव निघाले. बाकीचे निघाले नाही.

"दुसरा गोविंदा पाटील होता, तिसरा आमचा न्हावी. मला पाठ आहे, लिही तू," नानामामा म्हणाले.

मी लिहिले नाही. मी त्यांना समजावले, की तुमची आठवण ही तुमची साक्ष. ती तुम्ही न्यायालयात शपथेवर सांगा. या पानात मी भर घातली तर वरची अर्धी चतुःसीमाही संशयात येईल. ते रागावले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "शाळेचं हजेरीपत्रकही आपण नंतर भरत नव्हतो."

सूचीची फाइल मात्र त्या रात्री आम्हाला हरवून गेली. दुकानातल्या मुलाने ती युनिकोडमध्ये न टंकता जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकली होती, ज्यात रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चुरा दिसतो. माझ्या पिढीच्या सरकारी कार्यालयांनी असे फॉन्ट पैसे मोजून घेतले आणि युनिकोड उपलब्ध झाल्यावरही वर्षानुवर्षे सोडले नाहीत. आज त्या काळातील कित्येक परिपत्रकांची मूळ फाइल उघडली तर हाच चुरा दिसतो. १९४१ ची मोडी नानामामा चष्मा पुसून वाचत होते, आणि २०१९ चे टंकन दोघांनाही वाचता येत नव्हते.

तेव्हा सूची नव्याने करायला बसलो. ते एकेक चित्र पाहून सांगत, मी टंकत असे: कोणत्या वर्षाची पावती, कोणाच्या नावे, किती आणे. रात्री पावणेदोनला यादीची पाने धारवाडला ई-मेलने गेली. सोबत एक टिप्पणी जोडली, की पान चार अपूर्ण, कारण ड्राइव्हवरील जागा वाचता आली नाही. दोन पावत्या अनुपलब्ध. मूळ ड्राइव्हवर काहीही लिहिलेले नाही. प्रतिमेचा हॅश पुढीलप्रमाणे. तो पुरावा म्हणून कितपत टिकेल हे वकील आणि न्यायालय ठरवतील. सोमवारी पुढची तारीख पडली, हे सांगायला नको.

सकाळी निघताना नानामामांनी पेन-ड्राइव्ह मागून घेतला. मी तो रीतसर सोडवून दिला आणि तो आता कशालाही लावायचा नाही, फोनला तर मुळीच नाही, असे बजावले. त्यांनी तो चुन्याच्या डबीत न ठेवता पाकिटात घातला. मग दारातून परत फिरून म्हणाले, "त्या पहिल्या पानाची एक मोठी प्रत काढून दे. कोर्टाला नको. घरात लावायला."